निसिन आणि त्याचे जुने वैरी

दुधाला विरजण लावलं, पण दूध काही आंबेना. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधले चीज बनवणारे या त्रासाने हैराण झाले होते. आपल्या घरी दही लागलं नाही तर फार तर त्या दिवशी ताक मिळत नाही. चीजच्या कारखान्यात आम्लता वेळेवर वाढली नाही, तर दुधाची अख्खी टाकी वाया जाते. विरजण चांगलं होतं आणि दूधही ताजं होतं. १९३३ साली एच. आर. व्हाइटहेड यांनी कारण दाखवून दिलं. कच्च्या दुधात काही रानटी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू मिसळलेले असत. ते असा एक प्रथिनासारखा पदार्थ सोडत, की विरजणातल्या जिवाणूंची वाढच खुंटे. अमेरिकेत एल. ए. रॉजर्स यांनीही १९२८ साली असाच प्रकार नोंदवला होता.

चीजवाल्यांच्या लेखी हा पदार्थ शत्रू होता. १९४७ साली इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तो बनवणारे जिवाणू 'एन' गटात मोडत, म्हणून त्यांनी त्याला 'निसिन' असं नाव दिलं. ते दिवस पेनिसिलिनचे होते आणि निसिनचंही औषध होईल अशी आशा होती. पण शरीरातल्या पीएचला ते नीट विरघळत नाही आणि पोटात गेलं की पाचकरस त्याचे तुकडे करतात. औषधासाठी हे दोन्ही दोषच. अन्नात घालायच्या पदार्थाच्या बाबतीत मात्र पचून जाणं हा गुण ठरला. स्विस पद्धतीच्या चीजमध्ये क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू शिरले की आत वायू साठतो आणि चीजचा गोळा फुगून तडकतो. निसिन बनवणारे जिवाणू वापरून हे फुगणं रोखता येतं, हे हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली दाखवलं. दोन वर्षांत निसिनची पावडर इंग्लंडच्या बाजारात आली. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं त्याला मान्यता दिली, १९८८ साली अमेरिकेनं. भारतातही प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ते चालतं. वेष्टनावर परिरक्षक म्हणून २३४ हा आकडा छापलेला दिसला, तर ते निसिन.

म्हणजे हा एका जिवाणूनं दुसऱ्या जिवाणूंविरुद्ध बनवलेला पदार्थ, आणि आपण तो उसना घेतला आहे. या प्रकरणातलं पुढचं सगळं या एका गोष्टीवरून उलगडतं. 'नैसर्गिक' हा शब्द आपल्याला फार धीर देतो. पण जे निसर्गात आधीपासून आहे, त्याच्याशी निसर्गातल्या जिवाणूंची ओळखही आधीपासूनच आहे.

निसिन मारतं कसं, ते आधी पाहू. हा ३४ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. त्यात पाच कडी गुंफलेली असतात, त्यामुळे तो उष्णता आणि आम्ल बऱ्यापैकी सोसतो. जिवाणूच्या पेशीभोवती भिंत असते आणि पेशी वाढते तशी ती भिंत सतत बांधावी लागते. विटा पेशीच्या आत तयार होतात, बांधकाम मात्र पटलाच्या, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्याच्या, बाहेर चालतं. म्हणून प्रत्येक वीट एका वाहक रेणूवर चढवून पटलापलीकडे पोचवली जाते. या विटेसह वाहकाला लिपिड-दोन म्हणतात. आपण त्याला घमेलं म्हणू. निसिन या घमेल्याची कडच पकडतं. वीट भिंतीपर्यंत पोचत नाही आणि बांधकाम थांबतं. एवढ्यावर ते थांबत नाही. निसिनचे काही रेणू आणि घमेली एकत्र येऊन पटलाला आरपार भोक पाडतात. आतले क्षार आणि ऊर्जेचा साठा त्यातून वाहून जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ही घमेल्याची भानगड उकलली, तेव्हा निसिन इतक्या कमी मात्रेत कसं काम करतं याचा उलगडा झाला.

मग जे जिवाणू निसिन बनवतात, ते स्वतः का मरत नाहीत? त्यांनाही भिंत आहे, घमेली आहेत. उत्तर असं, की निसिन बनवायच्या जनुकांच्या शेजारीच त्यापासून वाचवणारी जनुकं असतात. एक प्रथिन पटलावर पहारा देतं आणि पटलाजवळ आलेला निसिनचा रेणू अडवतं. दुसरी प्रथिनं मिळून पंप बनतात आणि पटलात घुसलेलं निसिन बाहेर फेकतात. शस्त्र जितकं जुनं, तितकीच ढालही जुनी. माणसानं निसिनचा डबा उघडायच्या कितीतरी आधी प्रतिकार जगात होता.

ढाल शेजाऱ्यांकडेही असते. लॅक्टोकॉकसच्या, म्हणजे विरजणात असणाऱ्या जिवाणूंच्या, काही जातींना निसिन बनवता येत नाही, तरी त्या निसिनला दाद देत नाहीत. त्यांच्याकडे एक कातर आहे. निसिन-प्रतिकारक प्रथिन या नावानं ओळखलं जाणारं हे विकर निसिनच्या शेपटीकडची सहा अमिनो आम्लं कापून टाकतं. उरलेला २८चा तुकडा घमेलं पकडू शकतो, पण भोक पाडायला लागणारी शेपटीच त्याच्याकडे राहत नाही. त्याची मारकशक्ती सुमारे शंभरपट घटते. एका डेअरी जातीत या कातरीचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर सापडलं. असं कडं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

आता ज्याला रोखायला आज निसिन वापरलं जातं, त्या लिस्टेरिया मोनोसायटोजिनस या रोगजंतूकडे वळू. या जिवाणूची ओळख १९२६ साली केंब्रिजमध्ये आजारी सशांमुळे झाली, पण तो अन्नातून माणसात येतो याचा पक्का पुरावा मिळायला १९८१ साल उजाडलं. कॅनडाच्या पूर्वेकडच्या प्रांतांत ४१ जण आजारी पडले आणि त्यांतले बहुतेक गर्भवती स्त्रिया व नवजात बाळं होती. माग काढत गेल्यावर संशोधक कोबीच्या कोशिंबिरीपर्यंत पोचले. तो कोबी मेंढ्यांचं कच्चं खत घातलेल्या शेतातला होता आणि बरेच दिवस थंडीत साठवलेला होता. लिस्टेरियाला थंडी चालते. शून्य अंशाच्या आसपासही तो हळूहळू वाढतो. दहा टक्के मिठातही त्याची वाढ पूर्ण थांबत नाही. आपण ज्याला सुरक्षित म्हणतो, त्या फ्रिजमध्ये त्याच्यापेक्षा चपळ जिवाणू गारठून बसतात आणि त्याला रान मोकळं मिळतं.

प्रयोगशाळेत लिस्टेरियाला निसिनच्या सान्निध्यात ठेवलं की बहुतेक पेशी मरतात. थोड्या उरतात. त्या उरलेल्यांमध्ये काय बदललं हे पाहताना जे सापडलं, ते मला विलक्षण वाटतं. निसिनवर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या भिंतीत टायकोइक आम्लांच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे निसिन आपोआप तिकडे खेचलं जातं. प्रतिकारक पेशी या साखळ्यांना ॲलनिन नावाचं अमिनो आम्ल चिकटवतात, तर पटलातल्या काही मेदरेणूंना लायसिन. दोन्हींमुळे पेशीचा ऋण भार कमी होतो आणि निसिनची ओढ सुटते. पटलातही फरक पडतो. त्यातल्या मेदाम्लांची घडण बदलते, पटल कडक होतं, त्यात घुसणं अवघड जातं. हे सगळं चालू करायला पेशीजवळ पहारेकऱ्यांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक प्रथिन पटलावर बसून भिंतीला धोका आहे का ते पाहतं आणि आतल्या जोडीदाराला इशारा देतं. जोडीदार योग्य ती जनुकं जागी करतो.

ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना तर एवढ्या खटपटीचीही गरज नाही. त्यांच्याभोवती आणखी एक बाहेरचं पटल असतं आणि निसिन त्यातून आतच जात नाही. निसिन घातलं म्हणजे सगळे जिवाणू रोखले गेले, असं समजणाऱ्या कारखानदाराची इथे मोठीच फसगत होते.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. जिवाणू निसिन पाहून बदलतात, की काही आधीच बदललेले असतात? १९४०च्या दशकापर्यंत पुष्कळ शास्त्रज्ञांना पहिलंच खरं वाटत असे. साल्वादोर लुरिया तेव्हा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात होते. विषाणूंना दाद न देणारे ई. कोलाय कुठून येतात, हा प्रश्न त्यांना छळत होता. एका नृत्यसमारंभात त्यांचा एक सहकारी नाणी टाकून खेळायच्या यंत्रापाशी उभा होता. बराच वेळ काही नाही, मग एकदम नाण्यांचा ढीग. लुरियांना त्यात प्रयोग दिसला. जिवाणू अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंवर विषाणू सोडायचे. प्रतिकार विषाणूशी गाठ पडल्यावर निर्माण होत असेल, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच वाचतील. तो आधीच योगायोगानं झालेला असेल, तर बऱ्याच नळ्यांतून थोडे किंवा एकही नाही, आणि एखाद्या नळीतून ढीगभर. लुरियांना एखाद्या नळीतून ढीगच मिळाला. माक्स डेलब्रुक यांनी त्याचं गणित बसवलं आणि १९४३ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

याचा हिशेब आपल्या अन्नाला लावून पाहा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून सात तासांत वीस लाखांवर पेशी होतात. डीएनएची नक्कल करताना साधारण तीनशे नकलांमागे एखादी चूक राहते. म्हणजे त्या वीस लाखांत हजारो पेशी कुठे ना कुठे बदललेल्या असणार. बहुतेक बदल निरुपयोगी, काही घातक. एखादा मात्र नेमका त्या परिरक्षकाला पुरून उरणारा. परिरक्षक तो बदल घडवत नाही. बाकीच्यांना मारून त्या एकट्याला जागा करून देतो. म्हणूनच आधी घाण होऊ द्यायची आणि मग परिरक्षक घालायचा, ही पद्धत मुळातच चुकीची आहे. जितके जिवाणू जास्त, तितकी असा एखादा सापडण्याची शक्यता जास्त.

जनुकं न बदलताही जिवाणू वाचतात, आणि अन्नाच्या बाबतीत हा दुसरा मार्ग मला जास्त काळजीचा वाटतो. याला सराव म्हणावं. १९९० साली फॉस्टर आणि हॉल यांनी साल्मोनेलावर केलेला प्रयोग सोपा आहे. जिवाणू थेट ३.३ पीएचच्या आम्लात टाकले की झपाट्यानं मरतात. आधी ५.८ पीएचच्या सौम्य आम्लात थोडा वेळ ठेवले आणि मग ३.३मध्ये टाकले, तर कितीतरी जास्त वाचतात. सौम्य आम्लानं त्यांना सावध केलेलं असतं. ते आम्ल बाहेर काढणारी यंत्रणा सुरू करतात, बिघडलेली प्रथिनं सावरणारी प्रथिनं बनवतात, पटल बदलतात. ई. कोलायची एक युक्ती तर सुंदर आहे. तो ग्लुटामेट आत घेतो, त्याचं रूपांतर करताना आम्लाचा एक कण त्यात खर्ची घालतो आणि तयार झालेला पदार्थ बाहेर टाकतो. आम्ल आत शिरतंय, तो ते एकेक करून संपवतोय. ग्लुटामेट आपल्या अन्नात भरपूर असतं, टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं.

आंबवलेल्या पदार्थात पीएच एकदम उतरत नाही, तासन्‌तास हळूहळू उतरतो. चीजमध्ये साल्मोनेला शिरला असेल, तर त्याला आयताच सराव मिळतो. असा आम्लाला सरावलेला साल्मोनेला चीजमध्ये जास्त टिकतो, हे १९९२ साली दाखवलं गेलं. लिस्टेरियाबद्दलचा निष्कर्ष आणखी गंभीर आहे. आम्लाला सरावलेला लिस्टेरिया निसिनलाही जास्त टिकतो. एका संकटाचा सराव दुसऱ्या संकटात कामी येतो. आणि हा जिवाणू पुढे ज्या पोटात जाणार, तिथेही आम्लच असतं.

सफरचंदाचा रस आंबट असतो, म्हणून त्यात रोगजंतू टिकणार नाहीत अशी समजूत बरीच वर्षं होती. १९९१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात न तापवलेला रस पिऊन २३ जणांना ई. कोलाय ओ१५७ची बाधा झाली. १९९६ साली अशाच रसामुळे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत आणि कॅनडात साठाहून अधिक माणसं आजारी पडली. कोलोरॅडोतलं एक लहान मूल दगावलं. या जिवाणूच्या शंभराहून कमी पेशीही आजारासाठी पुऱ्या पडतात. त्यानंतर अमेरिकेनं न तापवलेल्या रसावर इशारा छापायला लावला, आणि पुढे २००१ साली रसातले घातक जिवाणू लाखपटीनं कमी करणारी प्रक्रिया सक्तीची केली.

मसाल्यांच्या तेलांकडे आज कारखान्यांचं फार लक्ष आहे, कारण ग्राहकाला वेष्टनावर ओळखीची नावं हवी असतात. ओव्याचा वास थायमॉलचा, लवंगेचा युजेनॉलचा, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइडचा. थायमॉलचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल. ही द्रव्यं जिवाणूचं पटल ढिलं करतात. बॅसिलस सिरियस हा शिळ्या भातात वाढून उलट्या करवणारा जिवाणू. त्याला थोड्या कार्व्हाक्रॉलमध्ये वाढवलं तर तो पटलाची घडण बदलून जास्त मात्रा सोसू लागतो, हे २००० साली प्रसिद्ध झालं. ई. कोलायकडे तर पंप आहेत. आतड्यात राहणाऱ्या या जिवाणूला पित्त आणि वनस्पतींतली शेकडो द्रव्यं रोज सोसावी लागतात, म्हणून हे पंप त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वनस्पतींतलं सॅलिसिलेट हे पंप वाढवायचा इशारा देतं, आणि तेच पंप काही प्रतिजैविकंही बाहेर फेकतात. वनस्पतीजन्य परिरक्षक अपुऱ्या मात्रेत सगळीकडे शिंपडण्याला माझा विरोध आहे तो यासाठी. शिवाय अन्नातला मेद आणि प्रथिनं ही तेलं शोषून घेतात. काचेच्या बशीत जी मात्रा पुरते, तिच्या अनेक पट मात्रा खऱ्या पदार्थात लागते, आणि तितका ओवा घातलेलं काही कोणी खाणार नाही.

असं असूनही सत्तर वर्षं वापरलं गेलेलं निसिन निकामी झालेलं नाही. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. व्हँकोमायसिन हे औषध विटेचं टोक पकडतं. काही जिवाणूंनी वीटच बदलली आणि औषध फसलं. निसिन घमेल्याची कड पकडतं, आणि ती कड बदलणं जिवाणूला फार महाग पडतं. प्रतिकाराची किंमतही असते. पेडिओसिन नावाचं असंच एक द्रव्य लिस्टेरियाच्या साखर आत घेणाऱ्या दारावर बसतं. प्रतिकारक लिस्टेरिया ते दारच बंद करून टाकतो. तो वाचतो, पण ग्लुकोजवर त्याची वाढ मंदावते. तिसरं कारण सगळ्यांत मोठं: शहाण्या कारखान्यात निसिन कधीच एकटं नसतं. जर्मनीत कुल्मबाख इथे काम करणाऱ्या लोथार लाइस्टनर यांनी याला अडथळ्यांची शर्यत म्हटलं. थोडं मीठ, थोडं आम्ल, थंडी, कोरडेपणा, थोडं परिरक्षक. प्रत्येक अडथळा ओलांडायला जिवाणूला ऊर्जा लागते आणि सगळे एकदम समोर आले की ती पुरत नाही. भार बदलायचा, पंप चालवायचे, आम्ल उपसायचं, मिठापायी पाणी धरून ठेवायचं, हे सगळं एकाच तुटपुंज्या शिदोरीवर.

खरा धोका कारखान्याच्या कोपऱ्यात असतो. पदार्थातला वाचलेला जिवाणू पदार्थाबरोबर बाहेर जातो, परत येत नाही. मोरीत, काप करणाऱ्या यंत्राच्या पात्यामागे, खपली धरून बसलेला लिस्टेरिया मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतो. त्याच्यापर्यंत परिरक्षक आणि जंतुनाशक पोचतात ते धुऊन पातळ झालेले, मारायला अपुरे आणि सरावाला पुरेसे. २०१७-१८ साली दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या तयार मांसाच्या प्रकारातून लिस्टेरिया पसरला. एक हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेहून अधिक मृत्यू, आणि रुग्णांत नवजात बाळांचं प्रमाण मोठं. लिस्टेरियाची जगात नोंदलेली ही सर्वांत मोठी साथ. पोलोनी हा शिजवलेला, खारवलेला आणि थंडीत ठेवला जाणारा पदार्थ आहे; त्यातला जिवाणूही अखेर कारखान्यातच सापडला.

लाइस्टनरांची शर्यत आपल्या कैरीच्या लोणच्यात जशीच्या तशी आहे. कैरीचं आम्ल, भरपूर मीठ, मोहरीचा झणका, वर हवा अडवणारं तेल, उन्हात तापवलेली कोरडी बरणी. 'ओला चमचा घालू नको' ही ताकीदही शास्त्राला धरून आहे, कारण पाण्याचा थेंब मीठ पातळ करतो आणि नवे जंतूही आणतो. पण तेलाबद्दलचा आपला विश्वास चुकीचा आहे. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतं, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवा नकोच असते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. लसूण जंतुनाशक, म्हणून तो सुरक्षितच असणार, असं तिथेही वाटलं असणार. त्यात आम्ल नव्हतं.

रक्तदाबामुळे अनेक घरांत आता लोणच्यात मीठ निम्मं घालतात. जरूर घाला, पण मग ते जुनं लोणचं राहिलेलं नाही हे ध्यानात ठेवा: लिंबाचा रस वाढवा, थोडं थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. लसणीचं तेल दोन-चार दिवसांपुरतंच करा, तेही फ्रिजमध्ये. तयार मांसाचे थंड काप घरातल्या गर्भवतीला आणि वृद्धांना वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय देऊ नका. थंडी, मीठ, आम्ल आणि निसिन या सगळ्यांना सरावलेला लिस्टेरियाही ७० अंश सेल्सियसला दोन मिनिटांत मरतो.